डबल ट्रॉलीच्या मालकांस खुले पत्र

मालक,

राज्यात सर्वांत जास्त साखर कारखाने आपल्या सोलापूर जिल्ह्यात, त्यामुळं गाळप सुरू झालं की पंढरपूर-मोहोळ रस्त्यावर तुमचं दर्शन ठरलेलं. अर्थात दिवसा. अंधार पडला की तुम्ही फक्त ऐकू येता. बॉनेटवर निळी-गुलाबी लायटिंग, मडगार्डवर स्पीकर आणि मागं उसानं लदलेल्या दोन ट्रॉल्या, दिव्याविना. समोरून येणाऱ्याला वरात वाटावी आणि मागून येणाऱ्याला अमावस्या. हंगामाच्या तोंडावर चिकटवलेली लाल पट्टीही तुम्ही लोंबत्या पाचटाखाली जपून ठेवलीय. उन्हानं रंग उडायला नको!

मागं बघायची तुम्हाला गरज नाही, हे मान्य. आरशात दोन्ही बाजूंनी उसाशिवाय काही दिसतच नाही, मग आरसा भांग पाडायला वापरला तर बिघडलं कुठं? साध्या मोटारीनं मात्र मागं घेताना भिंत जवळ आली की पीं-पीं करायला हवं. नव्या मोटारींना 1 जुलै 2019 पासून मागचे सेन्सर सक्तीचे आहेत. वीसेक टन ऊस ओढणाऱ्या तुम्हाला असली कटकट कशाला?

आकाशाच्या बाबतीत आपण जास्त दक्ष आहोत. विमानाला अडथळा नको म्हणून 15 जून 2023 रोजी सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. तुमची पंक्चर झालेली ट्रॉली मात्र भर रस्त्यात रात्रभर निर्धास्त उभी असते. तुम्ही पिन काढून ट्रॅक्टर घेऊन गावात जाता, जाताना ट्रॉलीभोवती चार धोंडे आणि बाभळीचा एक फाटा मांडता. सुरक्षेची केवढी ती काळजी! सकाळी ट्रॉली जाते, धोंडे राहतात. ते पुढच्या दुचाकीवाल्यासाठी.

आणि ती पिन! रस्त्यातच निसटली तर मागची ट्रॉली जागेवर, तुम्ही पुढं. हिसका बसतो म्हणे, पण गाण्याच्या ठेक्यात हिसक्याचं काय कळणार? काट्यावर गेल्यावर कारखान्याचा माणूस विचारील, "दुसरी कुठंय?" मग मागं वळून बघाल. त्या खेपेतलं पहिल्यांदाच.

परदेशात लोक सुट्टीत मोटारीमागं चाकांवरचं आख्खं घर जोडून निघतात. घराच्या पाठीला कॅमेरा आणि चालकासमोर पडदा. मागचं दिसतंच, शिवाय घर उलटं घेताना सोय होते, कारण जोडलेली गाडी मागं ढकलताना स्टेअरिंग जिकडं फिरवावं त्याच्या उलट्या बाजूला तिची शेपटी जाते. तुमच्या दोन ट्रॉल्यांना तर दोन शेपट्या. यार्डात तुम्ही रिव्हर्स घेता तेव्हा चार पोरं "आणू दे, आणू दे" ओरडत मागं उभी असतात. कॅमेऱ्याला ओरडता येत नाही, पण तो चाकाखालीही येत नाही.

तुम्ही म्हणाल, ते लोक घर नेतात, आम्ही ऊस नेतो. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीची टोळी आणता तेव्हा ट्रॉलीत काय असतं, मालक? कोयत्याची जोडपी, भांडीकुंडी, कोपीचं सामान, शेळ्या, कोंबड्या आणि गोधडीत झोपलेली लेकरं. चाकांवरचं घरच की ते, फक्त छप्पर नसलेलं. उचल देऊन आणलेली माणसं आहेत. निदान वसुलीपुरती तरी मागं नजर असावी.

म्हणून एक स्वस्तातला उपाय सुचवतो. स्पीकरच्या नव्या जोडीचे पैसे यंदा कॅमेऱ्याला लावा. ट्रॅक्टरच्या पाठीला मात्र बसवू नका, तिथून पहिल्या ट्रॉलीचा पत्रा तेवढा दिसेल. मागच्या ट्रॉलीच्या फाळक्याला, उंचावर, पाचट आडवं येणार नाही असा लावा. वायरीला हुकापाशी प्लग ठेवा, नाहीतर ट्रॉली सोडताना पहिल्याच दिवशी तुटेल. शेजारी लाल दिवेही लावा. नुसता कॅमेरा लावलात तर धडकणाऱ्याचं थेट प्रक्षेपण तेवढं बघायला मिळेल.

आपला,
तुमच्या मागं अडकलेला एक सोलापूरकर

ता. क. पडद्यावर गाण्यांचे व्हिडिओही चालतात. दुकानदाराला पहिला प्रश्न तोच विचाराल, म्हणून आधीच सांगितलं.