साइड स्टँड नसलेलं वाहन

आमच्या भागात रोज किती अश्वशक्ती तयार होऊन फाटकाबाहेर पडते, याचा एकत्र हिशेब कोणी मांडलेला नाही. पिंपरीत ट्रक, आकुर्डीत टेम्पो, चाकणला मोटारसायकली आणि जर्मन मोटारी. मी याच पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. एचपी हे अक्षर दिवसभर डोळ्यांसमोर असतं. घोडा मात्र मी जवळून दोनच ठिकाणी पाहिला होता, वरातीत आणि माथेरानला. वरातीतला बँडला वैतागलेला होता आणि माथेरानचा माझ्या वजनाला.

सोसायटीतल्या मुलांना सुट्टीत पोहणं, स्केटिंग आणि अबॅकस असे तीन रोग होतात. आमच्या कन्येला चौथाच झाला. तळेगाव-चाकण रस्त्यावरून आत वळलं की इंद्रायणीच्या अंगाने एक तबेला आहे आणि तिथे घोडेस्वारी शिकवतात, हे तिनेच शोधून काढलं. फाटकावर पाटी होती : 'सहकुटुंब या'. आमच्याकडे सहकुटुंब म्हटलं की आई येते, मेहुणा येतो, पाण्याचा कॅन आणि पोह्यांचा डबाही येतो. सगळे निघालो.

वाटेत चाकण लागतं. शाहिस्तेखान १६६० साली इथे आला तेव्हा संग्रामदुर्गाच्या छोट्याशा भुईकोटात फिरंगोजी नरसाळ्यांनी त्याला पन्नासहून जास्त दिवस अडवून धरलं होतं. आज फिरंगोजी नाहीत, तरी माणूस चाकणला अडकतो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधे आम्ही आणि पोहे. खानाबद्दल मला तेव्हा पहिल्यांदा सहानुभूती वाटली.

तबेल्यात दोन जातींचे नोकरदार होते. काही पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेले, लांब पायांचे, उंच मानेचे. तिकडे त्यांची भलीमोठी इंग्रजी नावं होती. इथे मोतद्दार मामांनी त्यांचं चंपा, राजा आणि पप्पू करून टाकलं होतं. दुसरे मारवाडी, वाकड्या कानांचे, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून आणलेले. शिवाय एक तट्टू. भीमथडीचं तट्टू म्हणतात ते हेच, असं मामा छातीवर हात ठेवून सांगत. ते लहान मुलांसाठी राखून ठेवलेलं होतं, आणि सगळ्या तबेल्यात मनाने सर्वांत दुष्ट तेच होतं.

उस्ताद लष्कराच्या घोड्यांत आयुष्य काढून निवृत्त झालेले. साताऱ्याकडचे. त्यांनी आम्हाला एका नजरेत ओळीने तपासलं आणि कन्येला विचारलं, "तूच का बाळ?" ती हो म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि साहेब, तुम्ही कठड्यापाशी बसणार, की काही करणार?" बायको शेजारी उभी होती. अशा वेळी नवरा काय उत्तर देतो ते वाचकांना माहीत आहे.

घोड्यावर डाव्या बाजूने चढायचं. पूर्वी स्वाराच्या डाव्या कमरेला तलवार असायची, उजवीकडून चढलं तर तीच पायात यायची. माझ्या कमरेला कंपनीचं ओळखपत्र होतं. तेही खोगिरात अडकलं. वर बसल्यावर कळतं की जमीन आपण समजत होतो त्यापेक्षा बरीच खाली असते. उस्ताद म्हणाले, "लगाम हलका. टाच खाली. नजर वर." लगाम हातात येताच माझ्या उजव्या मुठीने आपोआप पुढचा ब्रेक आवळला. पट्ट्यातल्या माणसाचे संस्कार दुचाकीचे असतात. चंपाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नवीन इंजिनिअर लाइनवर आला की जुने ऑपरेटर जसे बघतात, तसं.

मग दुडकी आली. दुडकीत घोड्याचा पुढचा एक आणि मागचा विरुद्ध बाजूचा पाय एकदम पडतो, मग दुसरी जोडी. प्रत्येक जोडीला स्वार वर फेकला जातो. उपाय एकच, फेकला जाण्याआधी आपणच उठायचं आणि पुढच्या ठोक्याला बसायचं. "उठ-बस, उठ-बस!" उस्ताद ओरडत होते. शाळेत याच उठाबशा फुकट मिळायच्या, इथे महिन्याची फी आगाऊ भरून काढतो. कन्येला ही लय चटकन सापडली. मी उठायचो तेव्हा चंपा बसवायची आणि बसायचो तेव्हा उठवायची. उतरलो तर डावा पाय हवेत काहीतरी चाचपत होता. कठड्यावरून मेहुणा म्हणाला, "दाजी, साइड स्टँड नाही त्याला."

आता थोडी तांत्रिक बाजू. क्वालिटीचा माणूस आहे, सोडवत नाही. जेम्स वॉटने अठराव्या शतकात वाफेचं इंजिन विकताना गिऱ्हाइकाला उमजावं म्हणून घोड्याची ताकद आकड्यात बांधली : मिनिटाला ३३,००० पौंड वजन एक फूट उचलण्याएवढं काम. आपण आज तिला ७४६ वॉट म्हणतो. पण खऱ्या घोड्याच्या अंगात यापेक्षा पुष्कळ असतं. १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात दोघा शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की घोडा थोडा वेळ सुमारे १५ अश्वशक्तीपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे एक घोडा आणि एक पल्सर १५० जवळपास सारखेच. ही माहिती मी मोठ्या उत्साहाने उस्तादांना दिली. ते म्हणाले, "जाऊ शकतो हे बरोबर आहे साहेब. जाणार का, ते तिला विचारा."

चंपाला विचारण्यात अर्थ नव्हता. तिला घड्याळ कळायचं. वर्ग पाऊण तासाचा. वेळ संपत आली की ती मला पाठीवर घेऊन शांतपणे फाटकाकडे चालू लागायची. शिफ्ट संपली, ओव्हरटाइमचं आधी बोलणं झालेलं नाही, असा तिचा सरळ हिशेब. मी टाच मारली, लगाम ओढला, 'चल बाई' म्हणालो, 'प्लीज' म्हणालो. बायको त्याच चंपावर बसली तेव्हा तिने फक्त "हं" केलं आणि चंपा गोल फिरली. "हाताला वजन नाही ताईंच्या," उस्ताद म्हणाले. हे कौतुक पुढे घरात फार दिवस चाललं.

शिकणाऱ्यांत मुलीच जास्त होत्या, आणि मुलग्यांपेक्षा त्यांचं बरं चाललं होतं. यात नवल कसलं? इथून हाकेच्या अंतरावर तळेगाव दाभाडे आहे. त्रिंबकराव दाभाडे १७३१ मध्ये डभईच्या लढाईत पडल्यावर सेनापतिपदाचा कारभार त्यांच्या आई उमाबाईंनी हाती घेतला आणि फौज घेऊन गुजरातेत उतरल्या. त्यांना कुणी कठड्यावरून 'पडशील हं' म्हटलं असेल असं वाटत नाही.

कठडा ही तबेल्यातली खरी जागा. तिथे आईबाप असतात. मोतद्दार मामांचं मत असं, की घोडे शिकवायला सोपे, कठडा अवघड. एक बाबा येताच विचारायचे, "मेंटेनन्स किती याचा?" मामा सांगायचे : दिवसाला तीसेक लिटर पाणी, हरभरा, भुसा, लसूणघास, कडबा, रोज खरारा, आणि दीड-दोन महिन्यांनी नालबंद. "आणि अॅव्हरेज?" मामा तबेल्यातल्या लिदेच्या ढिगाकडे बोट दाखवायचे. दुसऱ्या एका बाबांनी वाचलं होतं, की २०२३ मध्ये हांगझाऊच्या आशियाई खेळांत भारताच्या चौघांच्या संघाने ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक जिंकलं, १९८२ नंतर ४१ वर्षांनी घोडेस्वारीत आलेलं सुवर्ण. आपल्या मुलाला तिथवर पोचायला किती महिने लागतील, असा त्यांचा साधा प्रश्न होता. उस्तादांनी मुलाच्या हातात फावडं दिलं. "लिदेपासून सुरुवात." बाबांनी त्याचाही फोटो काढला.

त्या लिदेला आमच्या सोसायटीत मागणी फार. गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्या काकू रविवारी सकाळी फोन करून 'दोन पोती आणाल ना?' असं अशा आवाजात विचारतात, की मी जणू खास खरेदीलाच निघालोय. गाडीच्या डिकीला आता कायमचा वास आहे. कंपनीच्या पार्किंगमध्ये माझ्या शेजारी कोणी गाडी लावत नाही. तो फायदाच.

पण सगळ्यात मजा आली आई पहिल्यांदा आत गेली तेव्हा. आई देहूची. निगडी-आकुर्डीतून तुकोबांची पालखी जाते तेव्हा तिचं वेगळंच वारं सुटतं. आणि रिंगण म्हटलं की डोळे भरतात. तुम्हाला ठाऊक असेल, आळंदीच्या पालखीचे अश्व बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात, तेही चालत. रिंगणात त्यातला एक स्वाराशिवाय धावतो, त्यावर माउली असतात. तो धावून गेला की वारकरी टापांखालची माती कपाळाला लावतात. आईने चंपाला पाहिलं, सरळ खाली वाकली, टापेजवळची माती उचलली आणि लावली.

उस्ताद घाईने पुढे झाले. "आजी, अहो, त्यात लीद आहे."

"असू दे," आई म्हणाली. "तिच्यावर कोण बसतं?"

"तुमचे चिरंजीव बसतात."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग चंपाकडे. आणि परत वाकून दुसऱ्यांदा नमस्कार केला. या वेळचा भक्तीचा नव्हता, सहनशीलतेला होता.

शिवाजी महाराजांच्या घोडदळात स्वार दोन प्रकारचे. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा शिलेदार. सभासदाच्या बखरीप्रमाणे पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. मनुष्यबळाचं इतकं स्वच्छ गणित मला कुठल्याही ऑडिटमध्ये भेटलेलं नाही. आमच्या तबेल्यात आम्ही सगळे बारगीर आहोत. घोडा त्यांचा, चंदी त्यांची, मोतद्दार त्यांचा. आमच्या मालकीचं फक्त हेल्मेट आणि अंगदुखी. शिलेदार व्हायचं कन्येच्या मनात आहे. टू बीएचकेमध्ये ते बसत नाही, हे मी तिला मोजमाप घेऊन दाखवलं. ती म्हणते, पार्किंगची जागा आहे ना आपल्याला.

तुम्ही आलात तर चाकणच्या कोंडीचा वेळ धरून निघा. हेल्मेट आणा, टाचेचे बूट घाला. वाढदिवसाचा केक आणि वडापाव गाडीतच ठेवा. घोड्याला उलटी होत नाही, नको ते पोटात गेलं की शूळ उठतो आणि त्यात घोडा जातोसुद्धा. गाजर चालतं, पण मामांना विचारून, आणि तळहात सपाट ठेवून. मागून जाऊ नका. शेपटीमागचं त्याला दिसत नाही, आणि दिसत नाही त्यावर तो आधी लाथ झाडतो, चौकशी मागाहून करतो. आणि गुरुवारी येऊ नका. एमआयडीसीत राहतात म्हणून घोड्यांनाही गुरुवारचीच सुट्टी आहे.