सुबाभूळ लागली हो, दृष्ट कसली!

"वहिनी, जरा गडग्यापाशी या. ऐकलंत का? खालच्या वाडीतल्या सशांचे केस झडताहेत म्हणे."

"अगोबाई! दृष्ट लागली असणार. न्यूझीलंड व्हाइट ना ते? कापसासारखे पांढरे. येणारा-जाणारा थांबून बघायचा."

"दृष्ट कसली, सुबाभूळ लागली! बांधावर फुकट मिळते म्हणून ते ससे पाळणारा मुलगा रोज भारेच्या भारे टाकत होता. प्रथिनं भरपूर, खरंय. पण त्या पाल्यात मिमोसिन असतं. अती झालं की केस जातात. सुबाभूळ तोंडी लावण्यापुरती घालावी. बाकी गवत, तुती, शेवगा, हादगा असं बदलून बदलून. माझा भाचा सावंतवाडीला पाळतो ना, त्यानंच सांगितलं."

"पण त्यांचे दोन ससे वैशाखातही मेले होते ना?"

"ते त्या मुलाच्या आजींच्या मायेनं मेले. दुपारी सगळे झोपले की आजी ओच्यात गरे घेऊन पिंजऱ्याकडे. वर पिकलं केळं. मुकं जनावर, खाऊ दे! सशाला गोड भारी आवडतं हो, पण त्याचं पोट पाल्या-गवताचं. एवढी साखर गेली की आतड्यात आंबते, पोट तट्ट फुगतं, हगवण लागते. बरं, सशाला ओकताही येत नाही. भाचा पपईची अंगठ्याएवढी फोड देतो, तीही कधीमधी."

"मग फणसाचं काहीच नको?"

"पानं द्या की! दात जन्मभर वाढतात त्याचे, चावायला काहीतरी चिवट हवंच. फक्त पावसात कापलेला पाला चिंब ओला टाकायचा नाही. पडवीत पसरून सुकवायचा आणि जुडी बांधून पिंजऱ्यात वरून टांगायची. खाली टाकलात की त्यावरच मुततात, तुडवतात आणि तेच खातात. मग रोगराई."

"शी! आणि मी ऐकलंय, स्वतःच्या लेंड्याही खातात."

"सगळ्या नाही. रात्री-पहाटे मऊ, चिकट लेंड्यांचा घोस येतो, तो मान वाकवून तिथल्या तिथे गिळतात. त्यातून जीवनसत्त्वं मिळतात. त्या आजींनी एकदा पहाटे पाहिलं आणि आठवडाभर पिंजऱ्याकडे फिरकल्या नाहीत. तेवढेच दिवस ससे सुखात होते, असं त्यांची सूनच म्हणाली. मी म्हटलं म्हणून सांगू नका हं."

"छे हो, मी कशाला सांगतेय!"

"बरं, तुमच्या परसातल्या रताळ्यांचे वेल कुंपणाबाहेर आलेत. भाच्याला पाठवू का? ससे तुटून पडतात त्यावर."

"आत्ता वेल छाटले तर रताळी कशी धरणार?"

"काढणीच्या वेळचे द्या मग. तो लेंडीखत देईल, तुमच्या अबोलीला."

"किती?"

"एक गोणी."

"दोन. आणि वाळलेलं हवं, ओलं नको."