पालन सुरू आहे : वणीतल्या नवशिक्यांसाठी अभिप्राय-मार्गदर्शक

सर्वांत आधी मोबाइलचा पडदा पुसून घ्या. दुसऱ्या गावच्या मार्गदर्शिकेत ही सूचना सापडणार नाही. पण तुम्ही वणीत, त्यातही लालपुलियाच्या किंवा राजूरच्या बाजूला राहत असाल, तर पहिली पायरी हीच. सकाळी पुसलेला पडदा दुपारी कोळशाच्या धुळीनं बोटाखाली करकरतो, आणि ‘सहमत’ दाबायला जावं तर ‘रद्द’ दाबलं जातं. पुसायला पांढरा रुमाल घेतलात तर तो धुऊ नका, घडी करून ठेवा. पुढे पुरावा जोडायची वेळ येईल तेव्हा कामी येईल. (येणार नाही, हे मला माहीत आहे. पण नवशिक्याचा उत्साह पहिल्याच परिच्छेदात मोडू नये.)

आता आपण करतोय काय, ते समजून घ्या. खाण काढायची, सिमेंटचा कारखाना उभारायचा, तर 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. ही मंजुरी एकटी येत नाही, वऱ्हाडासारखी अटी घेऊन येते. रस्त्यावर पाणी मारा, ट्रकवर ताडपत्री बांधा, झाडं लावा, विहिरींची पातळी मोजा. या अटी पाळल्या जातात की नाही, हे सांगायचं कोणी? ज्याला अटी घातल्या त्यानंच. वर्षातून दोनदा, 1 जूनला आणि 1 डिसेंबरला, तो अनुपालन अहवाल देतो. पोरानं स्वतःचा पेपर स्वतः तपासावा आणि गुणपत्रिका चावडीवर लावावी, असा हा प्रकार. चावडीवर लावावीच लागते, कारण हा अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहे. एवढं कलम मात्र फार मोलाचं आहे, त्याच्यावर हसू नका. अहवाल वाचून अभिप्राय द्यायचा आपला सगळा उद्योग त्या एका कलमावर उभा आहे.

चावडी आता संगणकात गेली. केंद्राचं मंजुऱ्यांचं संकेतस्थळ ‘परिवेश’ 10 ऑगस्ट 2018 ला सुरू झालं. राज्यात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे 1974 च्या पाण्याच्या आणि 1981 च्या हवेच्या कायद्याखालची संमतीपत्रं असतात, शिवाय दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत भरायचं पर्यावरण विवरणपत्र. 5 जून 2017 पासून मंडळानं धुराड्यातून निघणाऱ्या धुळीवरून कारखान्यांना एक ते पाच तारे द्यायची योजनाही आणली, हॉटेलांना देतात तसे. उघड्या खाणीला धुराडं नसतं. त्यामुळे वणीकराला तारे पाहायचे असतील तर रात्री गच्चीवर जावं, आणि वारा पडलेला असावा.

मी ज्या संकेतस्थळावर हे सगळं शिकलो त्याचं नाव सांगत नाही. बिचारं आजारी असतं.

शोधायचं कसं? खाणीचं नाव टाकायचं. आपल्याकडे खाणींना गावांची नावं आहेत: उकणी, निलजई, नायगाव, मुंगोली, कोलारपिंपरी, घोन्सा, कुंभारखनी. गाव हललं तरी नाव खाणीला राहतं, हा वेगळा विषय. अडचण अशी की यंत्राला ही नावं इंग्रजीत हवी असतात, आणि प्रत्येक कारकुनानं ती आपापल्या कानाप्रमाणे लिहिलेली असतात. उकणी चार तऱ्हांनी टाकून पाहा. आपल्या वणीला ‘डब्ल्यू’ लावायचा. ‘व्ही’ लावलात तर नाशिक जिल्ह्यातली वणी उघडते, आणि तिथली हवा पाहून तुम्हाला उगाच बरं वाटेल. तालुक्याच्या यादीत वणी नसेल तर घाबरू नका, जिल्ह्याच्या यादीत यवतमाळही नसतं कधीकधी.

अहवाल सापडला? आता तो वाचायला शिका. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरी विद्या इथेच आहे.

अहवालात दोन रकाने असतात. डावीकडे अट, उजवीकडे पालनाची स्थिती. डाव्या रकान्यात अट चांगली सहा-सहा ओळींची. उजवीकडे दोन-तीन शब्द. हे शब्द व्याकरणाच्या पुस्तकासारखे पाठ करा. ‘पालन केले’ हा भूतकाळ. त्यावर वाद घालता येतो, कारण केलं असेल तर दिसायला पाहिजे. ‘नोंद घेतली’ याला कोणताच काळ नाही; ट्रकवर ताडपत्री बांधा असं सांगितल्यावर नोंद घेणं म्हणजे नेमकं काय, हे वैयाकरणांनाच विचारावं. ‘लागू नाही’ म्हणजे लागू नाही, पुढे चला. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे ‘पालन सुरू आहे’. अपूर्ण वर्तमानकाळ! बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत विचारावं, गाडी कधी सुटेल, आणि आतून उत्तर यावं, “सुटूनच राह्यली.” खिडकी खोटं बोलत नाही, गाडी सुटतही नाही. ‘पालन सुरू आहे’ हे वाक्य 2012 च्या अहवालात खरं असतं, 2018 च्या अहवालात खरं असतं आणि तुमचा नातू वाचेल तेव्हाही खरंच असेल.

सरावासाठी एक अट घ्या. खाणीतून काढलेल्या मातीदगडाचा जो डोंगर उभा राहतो, त्याचा एकूण उतार 28 अंशांपेक्षा जास्त नसावा, असं मंजुरीपत्रांत हमखास लिहिलेलं असतं. पोराच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या, रस्त्यावर उभं राहून एक डोळा मिटा. मोजमाप पक्कं होणार नाही, पण ‘पालन सुरू आहे’ यातल्या ‘आहे’ला तुम्ही पहिल्यांदा हात लावलेला असेल. घरी बसून करायचं तर उपग्रहाची जुनी छायाचित्रं वर्षावर्षानं मागे नेऊन पाहा. डोंगर कुठून कुठे चालत आला आणि हिरवा पट्टा कागदावर जिथे आहे तिथे जमिनीवर काय आहे, हे फुकटात दिसतं. कागदाच्या बाजूनंही कधीकधी निकाल लागतो, आणि तेव्हा तसं लिहायची तयारी ठेवा. लावलेली झाडं जगलेली दिसली तर ‘पालन केले’ला मान डोलवा.

दुसरं, आकडे. हवेच्या रकान्यात ‘मर्यादेत’ असं लिहिलेलं आढळेल. नवशिका इथे खूश होतो. त्यानं विचारावं : कोणत्या मर्यादेत? 2009 च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे दहा मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ 24 तासांच्या सरासरीत घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅमच्या आत हवी. ती तुमच्या-माझ्या नाकाची मर्यादा. कोळसा खाणींसाठी मात्र सप्टेंबर 2000 ची वेगळी अधिसूचना आहे. तिच्यात जुन्या कोळसा क्षेत्रांची यादी आहे आणि त्या यादीत आपल्या वर्धा क्षेत्राचं नाव आहे. तिथे त्याच धुळीला 300 पर्यंत मोकळीक. म्हणजे 250 चा आकडा आला तर खाण मर्यादेत आणि गाव मर्यादेबाहेर, दोघंही खरं बोलणार, मधे फक्त एक कुंपण. धूळ कुंपण वाचत नाही.

तिसरं, महिना. डिसेंबरचा अहवाल एप्रिल ते सप्टेंबरचा असतो. त्यात अख्खा पावसाळा आला, म्हणजे रस्त्यावर पाणी मारायचं काम निम्म्या काळासाठी वरच्यानं केलेलं. जूनचा अहवाल ऑक्टोबर ते मार्चचा. कापूस फुटतो ते दिवस. नेहमी जूनचा आधी उघडा, आणि घुग्गुसच्या रस्त्याकडेचा कापूस डोळ्यांसमोर ठेवून वाचा. बोंड पांढरं फुटतं. वेचणीला येईपर्यंत त्याला राखाडी झाक येते. व्यापारी चिमटीत चोळून पाहतो आणि न बोलता भाव खाली आणतो. त्या चिमटीला कोणती अधिसूचना लागू आहे, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

आता अभिप्राय. पानाच्या तळाशी, जिथे ‘संकेतस्थळाचा नकाशा’ वगैरे असतं, तिथे बारीक अक्षरात एक दुवा असतो. दाबा. आधी यंत्र तुम्ही माणूस असल्याची खात्री करून घेईल. चित्राचे नऊ चौकोन दाखवून म्हणेल, ज्यांत ट्रक आहे ते निवडा. वणीकर इथे हमखास नापास होतो. त्याला नवाही चौकोनांत ट्रक दिसतात.

मग ओटीपी. तो येईपर्यंत चहा मांडा.

मग विषय निवडायचा. यादीत असतं : लॉगिनची अडचण, दुवा उघडत नाही, पान हळू उघडतं, इतर. आपण ‘इतर’. आयुष्यभर ‘इतर’च. मग मजकुराची चौकट, पाचशे अक्षरांची. मराठीत लिहिलंत तर लाल अक्षरांत उत्तर येतं की विशेष चिन्हं चालत नाहीत. आपली वेलांटी ही विशेष चिन्ह आहे, हे मला पन्नाशीत कळलं. भाषेचा हा घोळ एका खिडकीपुरता नाही. मार्च 2020 मध्ये केंद्रानं पर्यावरण मंजुरीच्या नियमांचा नवा मसुदा काढला. त्यात वर्षाला दोनऐवजी एकच अनुपालन अहवाल, आणि जनसुनावणीआधी लोकांना म्हणणं मांडायला 30 दिवसांऐवजी 20. असा मसुदा इंग्रजी आणि हिंदीत. 30 जून 2020 ला दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं, आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या 22 भाषांत द्या, आणि हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली. हरकती लाखांनी गेल्या. तेव्हा पाचशे अक्षरांची चौकट अगदीच फुकट असते असं समजू नका. फक्त ती एकट्यानं भरायची नसते.

लिहायचं काय? नवशिके लिहितात, ‘लय धूळ आहे साहेब, जगणं मुश्कील झालं.’ हे खरं आहे आणि निरुपयोगी आहे. असं लिहा : ‘मंजुरीपत्रातील अमुक क्रमांकाची अट. अहवालात पालन सुरू असल्याचे नमूद. अमुक तारखेला सकाळी साडेनऊ ते साडेदहा या वेळेत अमुक फाट्यावर मोजलेले ट्रक इतके, ताडपत्री नसलेले इतके. छायाचित्रे जोडली आहेत. पाणी मारल्याच्या नोंदवहीची प्रत द्यावी.’ विशेषणं गाळा. ‘भयंकर’ या शब्दाला उत्तर देता येत नाही, ‘सतरा’ला द्यावं लागतं. ट्रक मोजायला एकटे बसू नका. चहाच्या टपरीवर दोघं बसा, म्हणजे गप्पा मारताय असं वाटेल. टपरीवाल्याचं गिऱ्हाईक ट्रकवालेच असतात, हे ध्यानात ठेवून आवाज बेताचा ठेवा.

आणि इथे बोट जरा थबकतं, तेही सांगतो. माझ्या भावकीतले दोघं खाणीत आहेत. एकाला जमिनीच्या बदल्यात नोकरी लागली, दुसरा ठेकेदाराकडे. माझ्या घरावरचा दुसरा मजला कशातून चढला, हे गल्लीला ठाऊक आहे. वणीत अभिप्राय लिहिणाऱ्याच्या मागे बहुधा असाच कोणीतरी उभा असतो. तो अडवत नाही, नुसता खोकतो. जनसुनावणीला माईक हातात आला की निम्मी माणसं धुळीवर सुरू होतात आणि नोकरीवर संपतात, त्याला हसणाऱ्यांनी इथे एक उन्हाळा काढावा.

पुरावा जोडा. पीडीएफ, एक एमबीच्या आत. रुमाल पीडीएफ होत नाही. शेजारच्या काकू मी हे सगळं करत असताना गच्चीवरून पाहत होत्या. त्यांनी उन्हात कुरोड्या घातल्या होत्या, वर धोतर टाकून. “काहून रे बापू, त्या मशीनीत माही कुरोडी नाही का टाकता येत? पाय, कशी कायी पडली.” मी म्हटलं, “काकू, फोटो टाकतो.” त्या म्हणाल्या, “फोटोत साजरी दिसन थे. तयून खाऊन पायतीन म्हना सायबाले.”

फोटोत ती खरंच बरी दिसली.

‘पाठवा’ दाबल्यावर एक क्रमांक येतो. तो लिहून ठेवा, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार : साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवस. अर्जात ‘का’ विचारू नका, ‘प्रत द्या’ म्हणा.

मला मात्र उत्तर आलं, बाराव्या दिवशी. ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ काय निकाल लागला ते नव्हतं. खाली एक प्रश्नावली जोडली होती, आमची सेवा सुधारावी म्हणून. संकेतस्थळ वापरायला सोपं वाटलं का? अक्षरांचा आकार योग्य होता का? रंगसंगती कशी वाटली? मी चष्मा विसरलो होतो, म्हणून काकूंना मोबाइल दाखवला. वरून खालून हिरवंगार पान, कोपऱ्यात एक झाड, झाडावर पाखरू.

“लय साजरा हिरवा हाये,” काकू म्हणाल्या. “कुठचं गाव हाय हे?”

उत्तरासाठी पाच तारे होते. काकूंनी दाबायला बोट टेकवलं, पण पडदा करकरला आणि ‘मागे जा’ दाबलं गेलं. त्यांनी पदरानं पडदा पुसला, पदर पाहिला, आणि कुरोड्या उचलायला गेल्या.