तीर्थनकाठी माशी मारताना

गरीला आमिष लावल्याशिवाय मासा लागत नाही, ही आमच्या मालवणच्या मित्राची जन्मजात श्रद्धा. ती कुल्लू जिल्ह्यात, गुशैणी गावापुढे, तीर्थन नदीच्या काठावर पणाला लागली. लावणारा डेंटिस्ट. यूट्यूब पाहून त्याला फ्लाय फिशिंगचा नाद लागला होता आणि एप्रिलातल्या एका शनिवार-रविवारला रजेची ठिगळं जोडून त्याने आम्हाला पुण्याहून इथवर ओढून आणलं होतं. सोबत एक सीए. मार्चअखेर संपल्याच्या आनंदात त्याने काहीही न विचारता हो म्हटलं होतं.

डेंटिस्टने डबी उघडली. आत मुगाएवढ्या माश्या. गरीवर फेझंटच्या शेपटीचे तंतू, वर तांब्याची बारीक तार. नदीतल्या किड्याचं सोंग.

"ह्या खातलो मासो?" मालवणकर म्हणाला. "पिसां?"

"खात नाही, फसतो. मग आपण त्याला सोडून देतो."

"सोडूचोच तर धरूचो कित्याक?"

याला डेंटिस्टकडे उत्तर नव्हतं. रोजावर काढलेला परवाना होता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची वीण, तेव्हा मासेमारी बंद. बाकीच्या दिवसांत सरकारी कागद खिशात ठेवून फसवायला हरकत नाही. ब्राउन ट्राउट मूळचा इथला नव्हेच. साहेबाला हिमालयात विलायतेची आठवण यायची, म्हणून १९०९ मध्ये कुल्लू खोऱ्यात महिलीला हॅचरी निघाली आणि काश्मीरमार्गे हा पाहुणा इथल्या थंड पाण्यात रुळला. साहेब गेला, त्याचा मासा राहिला. आणि त्या माशापायी आम्ही गुडघाभर बर्फाच्या पाण्यात.

माशीला वजन नसतं. फेकायची ती जाड दोरी. रॉड मागे न्यायचा, दोरी हवेत सरळ होईतो थांबायचं, मग पुढे. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे आणि दाताच्या डॉक्टरला थांबण्याची सवय नसते, ती पेशंटला. तिसऱ्या फेकीला गरी सीएच्या कानटोपीत रुतली. काटा चेपलेला होता म्हणून सुटली. तरी डेंटिस्टच्या तोंडून "जरासं दुखेल" निघालंच.

दुपारी जालोरी खिंडीकडून काळं आभाळ उतरलं. आधी वारा, मग गारा. तंबू आम्ही नदीला खेटून ठोकला होता, फोटोत पाणी यावं म्हणून. आमचा गाईड शांतपणे म्हणाला, "साब, रात को पानी ही अंदर आएगा." मग भर गारांत तंबूची वरात वरच्या शेतात. सीए खांब धरून उभा, आम्ही खुंट्या शोधतोय, मालवणकर मात्र स्टोव्हवर छत्री धरून बसलेला. माणसाने नेमकं काय वाचवावं, हे कोकणात शिकवावं लागत नाही.

पाऊस ओसरल्यावर डेंटिस्ट पुन्हा नदीकडे. पाणी चहासारखं झालेलं. गाईड म्हणाला, "मैला पानी है. मछली को दिखेगा नहीं तो धोखा किसको दोगे?" इतका रोखठोक सल्ला मी कुठल्या सल्लागाराकडून ऐकलेला नाही. सीएचंही तेच मत पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी निवळलं. डेंटिस्ट दगडावर बसून गुंता सोडवत होता. कंटाळलेल्या मालवणकराने दुसरा रॉड उचलला, दगडाआडच्या संथ पाण्यात माशी टाकली आणि दोरी ताणली गेली. वीतभर ट्राउट, अंगावर लाल ठिपके. खाडीत गरवलेल्या हाताला पिसांचं सोंग कसं जमलं, ते त्यालाही सांगता येईना. डेंटिस्ट ओरडला, "हात ओले कर! पाण्याबाहेर काढू नको!"

मालवणकराने ओल्या तळव्यावर मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला. कल्ले हलले, शेपूट वळली, मासा गेला. मग तो बराच वेळ नदीला उद्देशून मालवणीत बोलत होता. त्यातलं छापण्यासारखं इतकंच, की तिरफळां पिशयेत तशीच रवली.

संध्याकाळी त्याने गावातल्या ट्राउट फार्मवरून रेनबो ट्राउट तोलून घेतले आणि तिरफळं घालून तिखलं केलं. डेंटिस्टने दोनदा मागून घेतलं. "बांगड्याची सर नाय," मालवणकर म्हणाला आणि उरलेला रस्सा पातेल्यासकट आपल्याकडे ओढला.