मंठ्याच्या उन्हात चिनी

मे महिन्यात भर दुपारी जालन्याहून मंठ्याला बसनं जाणारा माणूस एकतर अडलेला असतो, नाहीतर हौशी. मी चिनी शिकतो, म्हणजे दुसऱ्या वर्गातला. खिडकीतली झळ तोंडावर घेत मोबाईलवर नवा धडा उघडला: ‘ताप आणि उष्मा’. धडे लावणाऱ्यानं हा रस्ता पाहिलेला असावा.

‘फाशाओ’ म्हणजे ताप येणे. दोन्ही अक्षरं वरच्या पट्टीत, न हलवता धरायची. ‘र’ म्हणजे गरम. तो मात्र वरून खाली आपटायचा, आणि उच्चार र आणि झ यांच्या मध्ये कुठंतरी. गतिरोधक आला की हा सूर आपोआप नेमका लागत होता.

रामनगर मागे पडेपर्यंत शेजारच्या मावशींनी सहन केलं.

“काय पुटपुटायलास रे बाबा? मंतर हाय का?”

“चिनी भाषा आहे, मावशी. ताप आल्यावर काय म्हणायचं ते.”

“ताप आल्यावर गप पडून ऱ्हायचं. बोलायचं कामून?”

मी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा दाखला दिला. १९३८ साली वैद्यकीय पथकासोबत चीनला गेले, चिनी शिकले, त्याच भाषेत विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले, १९४२ मध्ये तिकडंच वारले.

“सोलापूरचे व्हय? मग उन्हाचं त्यांना कोण शिकवणार!”

पुढचा शब्द ‘चोंगशू’: उष्म्याचा नेम आपल्यावर बसणे. ऊन लागणं म्हणतात ते हेच. मग आला ‘शांगह्वो’, अंगातली आग वर चढणे. तळलेलं फार झालं, लिची चापली, की तोंड येतं, घसा धरतो. मावशींनी मला थांबवून उरलेली लक्षणं स्वतःच सांगितली आणि वर सब्जाचं पाणीही लिहून घ्यायला लावलं. लिचीच्या जागी आंबा घातला की पेइचिंगच्या आजीचं आणि ह्यांचं शास्त्र एकच.

घोटाळा झाला तो अंशांचा. आपण ताप फॅरनहाइटमध्ये मोजतो आणि ऊन सेल्सियसमध्ये, म्हणून दोघांची कधी गाठ पडत नाही. चिनी लोक दोन्ही सेल्सियसमध्येच मोजतात. तिथं ३८ म्हणजे ताप, ३९ म्हणजे भारी ताप. मोबाईल सांगत होता: मंठा, ४२. ह्या हिशेबानं अख्ख्या तालुक्याला सलाईन लावायला हवं होतं.

मागच्या बाकावरचा तरुण वाटूर फाट्यापासून मोठ्या आवाजात क्रिकेट बघत होता. अशा नादिष्टाला चिनीत ‘फाशाओयौ’ म्हणतात, तापदोस्त. तिकडं ताप त्याला स्वतःला चढलेला असतो. इकडं तो आम्हाला देत होता.

मंठ्याचं स्टँड आलं. उतरता उतरता मी मावशींना धड्यातला शेवटचा उपाय सांगितला. सर्दी असो, ताप असो, पोट दुखो, चिनी घरात सल्ला एकच: ‘तुओ ह रश्वेइ’, भरपूर गरम पाणी पी.

“त्यात काय शिकायचं?” मावशींनी पिशवी उचलली. “आमच्या टाकीला सकाळी धानंतर तेच येतंय.”