साभार परत, स्वखर्चाने

1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक निघाल्यापासून मराठी लेखकाला घडवण्यात सर्वांत मोठा वाटा कुणाचा असेल, तर तिकिटे लावून स्वतःचा पत्ता लिहिलेल्या परतीच्या पाकिटाचा. ज्याला नकार, त्याचाच टपालखर्च! ईमेलने ही शिस्त मोडली. आता उत्तरच येत नाही. खर्च मात्र वाचतो.

तरी होतकरूंनी लेखाच्या प्रस्तावासोबत नकारपत्रही स्वतःच लिहून पाठवावे. ‘जागेअभावी’ हा शब्द ठळक, मानधनाचा उल्लेख कुठेही नाही (तो तसाही नसतोच), खाली सहीपुरती मोकळी जागा. संपादकांचे श्रम वाचतात.

फक्त ते फार चांगले लिहू नये. आमच्या एका मित्राचे नकारपत्र संपादकीय म्हणून छापून आले. लेख साभार परत.