सुट्टीवीर

तोक्योच्या निशी-कासाई भागात मराठी माणसाचे जे नाना नमुने आढळतात, त्यांत सुट्टीवीर सर्वांत निरुपद्रवी. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, धंदा सॉफ्टवेअरचा, ढेरी माफक. हा गृहस्थ आपणहून रजा घेत नाही. पण २०१९पासून जपानी कायद्यानं कंपन्यांना बजावलंय, की नोकरदाराला वर्षाकाठी निदान पाच दिवस भरपगारी रजा घ्यायला लावायचीच. मग एचआरची तिसरी मेल येते आणि सुट्टीवीर नाइलाजानं सुट्टीवर जातो. म्हणजे हॉलमध्ये जातो.

तिथे एसी बावीसवर, पडदे ओढलेले आणि टीव्हीवर ‘नात्सु-मोन’ हा व्हिडिओ गेम सुरू. १९९९चा ऑगस्ट, डोंगर-समुद्राच्या कुशीतलं गाव आणि सर्कसवाल्याचा पोरगा सातोरू. किडे पकडा, मासे धरा, झाडावर चढा, घराच्या कौलांवर चढा. दम संपेपर्यंत अडवणारं कुणी नाही. दिग्दर्शक काझ आयाबे २००० सालच्या ‘बोकु नो नात्सुयासुमी’पासून हेच करत आलेत: मोठ्या माणसांना लहानपणची उन्हाळी सुट्टी विकायची. या खेळातला महिना कमी पडला, तर जादा पैसे मोजून पुरवणीही मिळते. तीत हुंदडायला आणखी एक अख्खं बेट. सुट्टीवीरानं ती क्षणाचा विलंब न लावता घेतली. खात्यात रजा साठवून बाजारातून सुट्टी विकत आणणारा याच्यासारखा हिशेबी माणूस विरळा.

बेटावर उनाडायला सातोरू मोकळा आहे, सुट्टीवीर नाही. त्याची एक्सेल शीट उघडीच असते: किडा, ठिकाण, वेळ, शेरा. ‘शेरा’त लाल अक्षरांत ‘प्रलंबित’. बेटाचा पश्चिम किनारा शुक्रवारपर्यंत उरकायचा, असं स्वतःलाच बजावून ठेवलेलं. खेळातल्या सकाळच्या रेडिओ-कवायतीला तो एक दिवस चुकत नाही. खऱ्या रेडिओवर हीच कवायत साडेसहाला लागते आणि खालच्या बागेत आजी-आजोबा हात-पाय हलवतात. तेव्हा हा घोरत असतो.

“अहो, रविवारी ताकाओला जाऊ या का?” बायको विचारते.

ताकाओ डोंगर ५९९ मीटर. शिंजुकूहून रेल्वेनं तासाभरात पायथा, आणि अर्ध्या चढापर्यंत केबल कार.

“चढ फार आहे गं,” सुट्टीवीर म्हणतो. सातोरू त्या वेळी एका उभ्या कड्याला लटकलेला असतो.

नेमका तेव्हाच रत्नागिरीहून वडिलांचा फोन येतो. एरवी ‘हं, हं’वर भागतं. पण त्या दिवशी म्हातारा म्हणाला, “गेंड्या भुंग्यानं दोन माड खाल्ले रे. आकडी घालून ओढून काढले मेल्यांना.”

सुट्टीवीर ताडकन उठून बसला. जपानी पोरं ज्याच्यासाठी जीव टाकतात, त्या शिंगवाल्या काबुतोमुशीचा हा सख्खा चुलतभाऊ! “बाबा, शिंग केवढं होतं? किती वाजता सापडले? नक्की कुठे?”

“कुठे म्हणजे? शेंड्यात. तू ये, हवे तेवढे काढ. शिडी देतो.”

“रजा कुठाय, बाबा? होती ती सगळी बेटावर गेली.”